तटाआडचा अजिंठा

अजिंठ्याचे नाव निघताच ज्यांच्या डोळ्यांपुढे पद्मपाणीची किंचित कललेली मान आणि हातातले नीलकमल उभे राहते, अशा असंख्य रसिकांपैकी, हे नाव मुळात ज्या कसब्याचे तो कसबा क्षणभर थांबून न्याहाळावा असे वाटलेले फारच थोडे असतील. छत्रपती संभाजीनगराहून सिल्लोडमार्गे उत्तरेस निघालेली सडक पठाराची कड गाठते, जुन्या तटबंदीजवळून पुढे सरकते आणि घाटात शिरते. त्या वेळी प्रवाशाचे लक्ष खाली फर्दापुराकडे लागलेले असते. लेणी या कसब्यापासून सात-आठ मैलांवर, वाघूर नदीच्या नालाकृती दरीत आहेत. फर्दापूर त्यांना अधिक जवळचे, आणि लेणापूर नावाची वाडी तर जवळजवळ त्यांच्या माथ्यावरच. तरीही जगाने लेण्यांना नाव दिले ते अजिंठ्याचे, कारण ज्या काळात परक्या नजरा या दरीकडे वळल्या त्या काळात या मुलखातील अंमल, आसरा आणि वाटाड्या ही तिन्ही याच तटाच्या आत मिळत असत. लेण्यांच्या अर्वाचीन कीर्तीचा पाया या गावच्या सराईत, बारादरीत आणि जहागिरीच्या कारभारात घातला गेला, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

दख्खनच्या पठाराची उत्तरेकडील कड जिथे एकाएकी तुटते आणि तापीच्या खोऱ्यात उतरते, त्या डोंगररांगेला अजिंठ्याचे डोंगर म्हणतात. खाली खानदेश, वर मराठवाडा, आणि दोहोंच्या मध्ये घाटाची एक वाट. बुऱ्हाणपूर हे मोगलांचे दख्खनमधील पहिले मोठे ठाणे. पुढे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे दुसरे. या दोन राजधान्यांच्या दरम्यान फौजा, खजिना, जासूद, व्यापारी आणि फकीर यांची जी अखंड वर्दळ चाले, तिला घाट चढण्यापूर्वी एक मुक्काम लागे आणि घाट चढून आल्यावर दुसरा. घाटाच्या पायथ्याशी फर्दापूर आणि माथ्यावर अजिंठा, दोन्ही ठिकाणी मोगल काळात सराया उभ्या राहिल्या त्या या निकडीपोटी. चौफेर भिंत, एकच मोठा दरवाजा, आतल्या बाजूस ओळीने कमानदार ओवऱ्या आणि मध्ये जनावरांसाठी मोकळा चौक, अशी या सरायांची सर्वसाधारण रचना असे. रात्री दरवाजा बंद झाला म्हणजे बाहेरच्या जंगलाचे, श्वापदांचे आणि लुटारूंचे भय भिंतीपलीकडे राही.

सराईच्या या गावाला तट आला तो १७२७ च्या सुमारास, पहिला निजामुल्मुल्क आसफजाह याच्या अमलात. आणि त्या सालाकडे लक्ष दिल्यास तटाचे कारण निराळे शोधावे लागत नाही. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखानाचा पाडाव करून निजामाने दख्खनची सुभेदारी आपल्या हाती घेतली खरी, परंतु चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या हक्कावरून पुण्याशी त्याचे बिनसले, आणि १७२७ च्या अखेरीस थोरले बाजीराव जालना-सिंदखेडच्या परगण्यांत शिरून उत्तरेकडे वळले. औरंगाबाद ते बुऱ्हाणपूर हा रस्ता हीच ज्याच्या राज्याची नाडी, त्याने त्या रस्त्यावरचा घाटमाथा उघडा ठेवणे शक्यच नव्हते. पुढच्याच वर्षी, १७२८ च्या फेब्रुवारीत, पालखेडास निजामाची कोंडी झाली आणि तटबंद्यांचा उपयोग किती मर्यादित असतो हेही सिद्ध झाले. परंतु अजिंठ्याचा तट राहिला, आणि त्या तटाने एका थांब्याचा कसबा केला. खुद्द आसफजाहचे निधन १७४८ साली बुऱ्हाणपुरास झाले आणि त्यास मूठमाती मिळाली ती खुलदाबादेस. या रस्त्याची दोन टोके त्याच्या अंतकाळानेही अशी जोडली गेली.

तटाच्या आत बाजार, मशीद, देवळे, बलुतेदारांचे वाडे आणि आसफजाहीच्या काळातली मानली जाणारी बारादरी, असा हा संसार होता. बारादरी म्हणजे नावाप्रमाणे अनेक दारांची, वारा खेळता राहील अशी बांधलेली विलासवास्तू. स्वारी दौऱ्यावर आली म्हणजे उतरावयाचे ठिकाण. मालकाची स्वारी वर्षानुवर्षे येत नसे, तेव्हा अशा वास्तूंची झाडलोट, चिरेबंदीची डागडुजी आणि राखण एवढेच काम गावकऱ्यांकडे उरे. मालकाविना असलेल्या या घराला पुढे जे रहिवासी लाभले, ते सगळे परकेच होते.

त्यांतले पहिले आले ते घायाळ होऊन. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणभूमीवर, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीच्या फौजेने दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या सैन्याशी सामना दिला. जय इंग्रजांचा झाला, परंतु शिंद्यांच्या तोफखान्याने त्याची जबर किंमत वसूल केली: इंग्रजांकडील ४२८ ठार आणि ११३८ जखमी. इतक्या जखमींना ठेवावयाचे कोठे हा प्रश्न लढाईनंतर उभा राहिला. वेलस्लीला दौलताबादचा किल्ला सोयीचा वाटत होता, परंतु निजाम दोस्त असूनही तेथील किल्लेदाराने दरवाजे उघडण्यास नकार दिला. आणि अखेर जखमींची रवानगी अजिंठ्यास झाली. गोरे आणि काळे शिपाई, हातपाय गमावलेले, तापाने फणफणलेले, डोल्यांतून या तटाच्या आत आणले गेले, आणि घाटमाथ्यावरचे हे शांत गाव काही काळ एका लष्करी इस्पितळाचे ठिकाण बनले. येथून सात-आठ मैलांवरच जगातील श्रेष्ठ भित्तिचित्रे अंधारात उभी होती, आणि त्या छावणीतील कोणासही त्यांची खबर असल्याचे दिसत नाही.

युद्ध संपले तेव्हा या डोंगरांना आणखी एक अर्थ प्राप्त झाला. डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी जे मुलूख सोडले, त्यांत अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडील बहुतेक प्रदेशाचा समावेश होता, आणि पुढील वाटणीत तो निजामाकडे गेला. १८१८ नंतर खानदेश इंग्रजी अमलाखाली आला. म्हणजे घाट उतरून फर्दापूर ओलांडले की थोड्याच अंतरावर एक राज्य संपून दुसरे लागे. या सरहद्दीचा परिणाम गावाच्या नित्य जीवनावर सव्वाशेहून अधिक वर्षे राहिला.

आता या कसब्याचा मालक कोण, हे पाहिले पाहिजे. हैदराबाद संस्थानात सर्व जमीन काही थेट सरकारी खालसात नव्हती. निजामाची खाजगी सर्फ-ए-खास, पायगा घराण्यांचे मुलूख आणि मोठमोठ्या उमरावांच्या जहागिरी मिळून संस्थानाचा फार मोठा भाग व्यापलेला होता. अजिंठा हा सालारजंग घराण्याच्या जहागिरीतला तालुका. कोसगी, अजिंठा, कोप्पळ, यलबुर्गा, दुंडगल आणि रायगीर असे या जहागिरीचे सहा तालुके, आणि ते एकमेकांना लागून नसून संस्थानभर विखुरलेले. मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांची रयत एकाच उमरावाची कुळे. घराण्यातील सर्वांत कर्तबगार पुरुष मीर तुराब अली खान, पहिला सालारजंग, १८५३ पासून १८८३ पर्यंत हैदराबादचा दिवाण होता. त्याने संस्थानातील वसुलाचे मक्ते मोडले, १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, कचेऱ्या आणि अदालती यांना शिस्त लावली. राज्याची घडी बसवणारा हा मुत्सद्दी ज्या मोठ्या इस्टेटीचा धनी होता, तिच्यातील रयतेला मात्र तो सनदेवरील मोहोर आणि कचेरीतील हुकूम यांच्याच रूपाने ठाऊक असावा, कारण घराण्याचे वास्तव्य हैदराबादेस दिवाण देवडीत.

या ठिकाणी आयर्लंडचे स्मरण होते ते उगाच नव्हे. असईचा विजेता वेलस्ली हा स्वतः डब्लिनला जन्मलेला, तेथील जमीनदार कुळातला. त्या देशाच्या सरोवरांतील बेटांवर जुन्या आयरिश सरदारांच्या गढ्या असत. रॉसकॉमन परगण्यातील ‘लॉख की’ या सरोवरात मॅकडरमट घराण्याची अशी गढी होती. ती दौलत पुढे इंग्रजी बाजूच्या किंग घराण्याकडे गेली, आणि तळ्याच्या काठी १८१० च्या सुमारास जॉन नॅश या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे रॉकिंगहॅम नावाचा प्रासाद उभा राहिला. जुनी गढी त्या नव्या बागेची केवळ शोभा होऊन राहिली. आयर्लंडातील कित्येक धनी वर्षातले बरेच महिने लंडनमध्ये काढीत आणि खंड गोळा करण्यास मुनीम ठेवीत; भाषा, धर्म आणि अंतर या तिन्ही भिंती धनी आणि कूळ यांच्यामध्ये उभ्या असत. अजिंठ्याची गोष्ट याहून फार निराळी नाही, मात्र एक भेद ध्यानी धरण्याजोगा आहे: तेथे धन्याचे कुटुंब अधूनमधून तरी त्या प्रासादात नांदे, नावा वल्हवी, बागा लावी, येथे बारादरी होती, मुलूख होता, परंतु जहागीरदाराचा संसार कधी या तटाच्या आत थाटला गेला नाही.

तालुक्याचा दैनंदिन कारभार मग चाले तो अमलदार, कारकून, पाटील आणि कुळकर्णी यांच्या हातून. कुळकर्ण्याचे दप्तर मोडीत. वरच्या कचेरीचा पत्रव्यवहार आधी फारसीत आणि १८८० नंतरच्या दशकात उर्दूत. आणि कुळाची फिर्याद मराठीत. एकाच अर्जाचा मजकूर दोन लिप्यांच्या हातांतून जाऊन हैदराबादेस पोहोचे, आणि उत्तर आले तर त्याच वाटेने परत येई. जोंधळा, बाजरी, तीळ आणि कपाशी ही शेतीची पिके. डोंगरात सागवान, अंजन, सालई, धावडा, आणि उतारांवर सीताफळीची दाट झुडपे. डिंक, मध, मोहाची फुले आणि गवत यांवर डोंगरातील भिल्लांचा निर्वाह, आणि घाटाची राखण हाही त्यांच्या नाईकांचा जुना हक्क; तो हक्क बुडाला म्हणजे राखणदारच वाट अडवी. इंग्रजांनी १८२५ साली धरणगावास औट्राम या अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्लांची पलटण उभारली ती डोंगराच्या दोन्ही अंगांची ही अस्वस्थता मिटविण्यासाठीच.

सरहद्दीवरच्या माणसाचा पैशाचा व्यवहार कसा चाले, हे जवळून पाहण्याजोगे आहे. निजामाचे नाणे हाली सिक्का, इंग्रजी मुलखाचे कलदार. शंभर कलदार रुपयांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा ठरीव दर होता. अजिंठ्याच्या शेतकऱ्याने कपाशीची गाडी घाट उतरून खानदेशच्या बाजारात नेली, तर दाम कलदारात मिळे. सारा भरावयाचा तो मात्र हालीत. मध्ये सराफ बसलेला, आणि त्याचा बट्टा ठरलेला. शिवाय सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका: मीठ, कापड, गूळ, जे काही ये-जा करील त्याची झडती. या एका घाटात म्हणून दोन नाणी, दोन कायदे आणि दोन फौजदाऱ्या नांदत. खानदेशात गुन्हा करून वर यावे आणि वर करून खाली उतरावे, ही दरोडेखोरांची सोय, आणि पाटलांची डोकेदुखी, याच दुभंगातून जन्मली.

या पार्श्वभूमीवर लेण्यांचा तथाकथित शोध पाहिला म्हणजे त्याचा रंग बदलतो. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने दरीत आला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व दिनांक कोरून गेला. १८२४ साली लेफ्टनंट जेम्स अलेक्झांडर येथे आला तेव्हा त्याला वाघांची आणि भिल्लांची भीती घालण्यात आली होती. १८२८ साली ग्रेस्ली आणि राल्फ आले. डॉक्टर जेम्स बर्डने तर भिंतीवरील आकृती सोलून काढण्याचा उद्योग केला आणि हाती चुरा आला. १८३९ साली जेम्स फर्ग्युसनने लेणी पाहिली आणि चार वर्षांनी रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यांच्या रक्षणाचा प्रश्न मांडला. या प्रत्येक साहेबाचे नाव ग्रंथांत नमूद आहे. त्यांच्या पुढे कुऱ्हाडीने वाट मोकळी करणारा, लेण्यात मशाल धरणारा, मधमाश्यांच्या पोळ्यांपासून सावध करणारा आणि संध्याकाळी त्यांना तटाच्या आत सुखरूप आणून सोडणारा जो मनुष्य होता, त्याचे नाव कोठेही नाही.

फर्ग्युसनच्या आग्रहाचे फळ म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी १८४४ साली मद्रास सैन्यातील कप्तान रॉबर्ट गिल याची चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक केली, आणि त्याने बिऱ्हाड केले ते या कसब्यातील बारादरीत. मालकाविना उभ्या असलेल्या त्या वास्तूस असा एक दीर्घकाळचा भाडोत्री मिळाला. रोज घाट उतरणे शक्य नसे. सामान, कॅनव्हास, तेलरंग आणि शिधा यांची ने-आण, दरीतले मुक्काम, पावसाळ्यात वाघुरेचा पूर, हिवताप आणि वाघ, या सर्वांतून वाट काढीत त्याने वर्षानुवर्षे प्रचंड आकाराची तैलचित्रे रेखाटली. ती लंडनला रवाना झाली, सिडनहॅमच्या स्फटिकप्रासादात मांडली गेली, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक भस्म झाली. काही थोडी तेवढी आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

दरम्यान गिलने छायाचित्रणाचाही अंगीकार केला होता. त्या काळची कलोडियनची रीत मोठी कठोर: काचेवर चिकट द्रव पसरावयाचा, ती काच रुप्याच्या क्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वीच काळोख्या तंबूत धुऊन काढावयाचे. दख्खनच्या उन्हात काच पाहता पाहता वाळे. म्हणून काळोखा तंबू लेण्याच्या अगदी तोंडाशी, आणि स्वच्छ पाण्याची घागर हाताशी लागे. हे पाणी वाहणारे, काचांच्या पेट्या डोक्यावरून नेणारे आणि तंबू ठोकणारे हात कोणाचे असावेत हे सांगावयास नकोच. १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह गिलच्या छायाचित्रांची पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, आणि अजिंठ्याचे नाव युरोपातील दिवाणखान्यांत जाऊन पोहोचले.

बारादरीतल्या या संसाराची एक खूण गावात उरली आहे. पारो नावाच्या स्त्रीची कबर गिलने बांधली आणि तीवर, आपल्या प्रिय पारोच्या स्मृत्यर्थ, निधन २३ मे १८५६, अशा अर्थाचा इंग्रजी लेख कोरविला. पारोविषयी कागदोपत्री आधार जवळजवळ एवढाच. लोककथेने आणि पुढे ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याने तिला पारू या नावाने मराठी मनात स्थान दिले. इतिहासाच्या दृष्टीने त्या लेखाचे मोल निराळे आहे. लेण्यांच्या शोधपर्वात स्थानिक मनुष्याचे नाव आणि तारीख दगडावर कोरली गेल्याचे हे विरळा उदाहरण, आणि तेही मृत्यूनंतर. गिल स्वतः १८७९ साली वारला. त्याचे दफन भुसावळास झाले.

भुसावळ हे नाव येथे सहज आलेले नाही, कारण तोवर आगगाडीने वाटा बदलल्या होत्या. मुंबईहून निघालेली रेल्वे खानदेशातून गेली. पाहुणे आता औरंगाबादेहून घाट उतरून न येता जळगाव-पाचोऱ्याच्या बाजूने, खालून, फर्दापुरास येऊ लागले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह जॉन ग्रिफिथ्सने १८७२ ते १८८५ या काळात प्रती केल्या. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅमची मंडळी, तीत नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद, यांनी राहुट्या ठोकल्या त्या फर्दापुरास. १९१४ साली संस्थानाचे पुरातत्त्व खाते गुलाम याझदानी यांच्या हाती आले. १९२० नंतर चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन कारागीर चित्रांच्या जतनासाठी बोलाविले गेले, प्रती घेणाऱ्यांनी फासलेल्या वार्निशाचा काळिमा पुसण्याचे काम सुरू झाले, लेण्यांपर्यंत सडक आली. माथ्यावरचा तट मात्र हळूहळू वाटेबाहेर पडला. ज्याच्या आसऱ्याविना लेणी पाहता येत नसत, त्याच्याकडे आता वळूनही पाहण्याची गरज उरली नाही.

जहागिरीचा शेवट झाला तोही कसब्यापासून दूर. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने संस्थान भारतात सामील झाले. २ मार्च १९४९ रोजी तिसरा सालारजंग, मीर युसूफ अली खान, अविवाहित निवर्तला. आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला जहागिरी खालसा करणारा कायदा जारी झाला. आयर्लंडातील कुळांना १८७९ च्या भूमी-चळवळीपासून १९०३ च्या कायद्यापर्यंत झगडून जमिनी विकत घ्याव्या लागल्या. येथे एका कायद्याने जहागीरदार बाजूस झाला आणि शेतकऱ्याचा संबंध सरळ सरकारशी जडला. घराण्याने तीन पिढ्या जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय १६ डिसेंबर १९५१ रोजी हैदराबादेस जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते उघडले. तेथील सर्वांत गाजलेले शिल्प, बेन्झोनीने घडविलेली अवगुंठित रिबेका, पहिल्या सालारजंगने १८७६ साली इटलीत खरेदी केले. ज्याच्या सहा तालुक्यांतील एकाचे नाव अजिंठा, त्याने सौंदर्यासाठी रोमपर्यंत जावे यात नवल काही नाही, त्या काळच्या उमरावी रसिकतेची दिशाच तशी होती. मात्र त्या संगमरवराच्या किमतीत घाटमाथ्यावरच्या कपाशीचा आणि जोंधळ्याचाही अंश मिसळलेला आहे, हे संग्रहालय पाहणाऱ्याने ध्यानी घ्यावे.

तेव्हा लेण्यांचा अर्वाचीन वृत्तांत लिहिणाऱ्याने तो १८१९ च्या शिकारीपासून आरंभू नये असे मला वाटते. त्याचे पहिले प्रकरण १७२७ च्या तटाचे असावे, दुसरे असईच्या जखमींचे, तिसरे जहागिरीच्या वसुलाचे. आणि मग स्मिथ, फर्ग्युसन, गिल यांची ओळीने वर्णी लागावी. या क्रमाने वाचले असता त्या साहेबांचे श्रेय कमी होत नाही. ते ज्यांच्या भाकरीवर, पाण्यावर आणि मशालीच्या उजेडात मिळविले गेले, त्यांचा हिशोब तेवढा पुरा होतो.